लॉला ॲडमिशन घेताय? शिष्यवृत्तीचं गणित सीटपासून सुरू होतं

लॉचा कोर्स बारावीनंतर पाच वर्षांचा, पदवीनंतर तीन वर्षांचा. राज्यातल्या बहुतेक कॉलेजांसाठी सीईटी सेलची लॉ सीईटी द्यावी लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी मात्र क्लॅट.

खरी गफलत होते ती निकालानंतर. कॅप राउंडमध्ये आवडतं कॉलेज मिळालं नाही, की काही जण थेट मॅनेजमेंट कोट्यातली सीट घेतात. तिथेच सरकारी फी सवलत हातची जाते.

कारण या सवलती कॅपमधून झालेल्या प्रवेशाला मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर राजर्षी शाहू महाराज योजनेत खुल्या प्रवर्गातल्या मुलांची निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे.

मग काय करायचं?
• तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आधीच काढा.
• बँक खातं आधारशी जोडा.
• प्रवेश होताच महाडीबीटीवर अर्ज भरा.
• दरवर्षी तो रिन्यू करा.

कॉलेजचं नाव बघाच, पण सीट कुठल्या कोट्यातली आहे हे आधी विचारा.