पंधरा सेकंदांत न मावणारी श्वासगती

2016 साली भारतात सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घकालीन विकाराचे 5.53 कोटी रुग्ण होते; 1990 मध्ये 2.81 कोटी होते. म्हणजे 26 वर्षांत जवळपास दुप्पट. यातला मोठा वाटा लोकसंख्यावाढीचा असला, तरी लोकसंख्येतील प्रमाणही 3.3 टक्क्यांवरून 4.2 टक्क्यांवर गेले. दम्याचे 3.79 कोटी रुग्ण वेगळे. 2016 मधील देशातल्या एकूण मृत्यूंपैकी 10.9 टक्के दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे झाले. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा 18 टक्के, पण या विकारांमुळे जगभर वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यवर्षांत 32 टक्के.

कारणांची फोड नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. सीओपीडीच्या या भारापैकी 53.7 टक्के वायुप्रदूषणाशी, 25.4 टक्के तंबाखूशी आणि 16.5 टक्के कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराशी जोडलेला आहे. म्हणून ‘विडी-सिगारेट ओढता का?’ एवढ्यावर माहिती घेणे थांबले, तर सर्वांत मोठे कारण विचारायचेच राहते. स्वयंपाक चुलीवर होतो का, काम खाणीत की गिरणीत, हे प्रश्नही तितकेच आवश्यक आहेत.

आता अशा रुग्णाच्या खाटेजवळ मोजायचा आकडा, म्हणजे श्वासगती. प्रौढाची श्वासगती मिनिटाला 12 ते 20 असावी. ब्रिटनमध्ये 2012 साली आलेल्या आणि 2017 मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ या रुग्णाचा धोका मोजणाऱ्या गुणांकन पद्धतीत 21 ते 24 ला 2 गुण आहेत, 25 किंवा त्याहून अधिकला 3. बाकी सर्व नोंदी ठीक असतील, तर 2 गुणांच्या रुग्णाची पुढची तपासणी 4 ते 6 तासांत होते. एकाच नोंदीला 3 गुण मिळाले, तर किमान दर तासाला, आणि डॉक्टरांना तातडीने कळवावे लागते.

वेळ वाचवण्यासाठी 15 सेकंद मोजून चारने गुणले, तर उत्तर फक्त चारच्या पटीत येते. 6 श्वास मोजले तर 24, 7 मोजले तर 28. एक श्वास निसटला की तासाभराने व्हायची तपासणी सहा तासांवर जाऊ शकते. पूर्ण मिनिट मोजताना एक श्वास चुकला, तर चूक एकाचीच राहते. चार्टवरच्या 18 या आकड्याकडेही जरा बारकाईने पाहावे: तो 15 सेकंदांच्या मोजणीतून येऊच शकत नाही.

बाळांच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार 2 महिन्यांखालील बाळात 60, 2 ते 12 महिन्यांच्या बाळात 50 आणि 1 ते 5 वर्षांच्या मुलात 40 किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. खोकला असलेल्या सहा महिन्यांच्या बाळाचे 15 सेकंदांत 12 श्वास मोजले तर 48, म्हणजे न्यूमोनिया नाही. 13 मोजले तर 52, म्हणजे उपचार. 50 हा निर्णायक आकडा या पद्धतीत येतच नाही. बाळ शांत असताना, अंगावर पीत नसताना, पोटावरचे कपडे वर करून पूर्ण मिनिट मोजावे. त्याच वेळी छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, हेही दिसते.

ऑक्सिमीटर मोजणीची जागा घेत नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात यंत्र 92 ते 96 टक्के दाखवत असताना रक्तातील ऑक्सिजन प्रत्यक्षात 88 टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के, तर कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के होते.

मोठ्या माणसाची नाडी पाहून झाल्यावर बोटे मनगटावरच ठेवा, न सांगता पूर्ण 60 सेकंद श्वास मोजा आणि येईल तोच आकडा चार्टवर लिहा.