स्तन-पुनर्रचना : 'पुनर्' या उपसर्गाची मर्यादा

कर्करोगामुळे स्तन काढल्यावर त्या जागी आकार नव्याने घडविणाऱ्या शस्त्रक्रियेस मराठीत 'स्तन-पुनर्रचना' म्हणतात. शब्द व्याकरणशुद्ध आहे. परंतु त्यातील 'पुनर्' हा उपसर्ग गेलेली वस्तू परत येईल असे सुचवितो. 'पुनरागमन', 'पुनर्भेट' या शब्दांच्या सहवासात वाढलेल्या भाषकास तो अर्थ टाळता येत नाही. प्रत्यक्षात परत येतो तो आकार. स्पर्शसंवेदना बहुधा अंशतःच येते, पुष्कळदा येतही नाही; स्तन्य तर नाहीच. नरखेड तालुक्यातून नागपूरला उपचारार्थ जाणारी स्त्री संमतिपत्रावर सही करते ती नेमकी कशास, हा प्रश्न म्हणूनच केवळ परिभाषेचा नव्हे.

आकार घडविण्याचे मार्ग मुख्यतः दोन : कृत्रिम रोपण अथवा रुग्णेच्याच शरीरातील ऊती. दुसऱ्या मार्गाची कल्पना नरखेडच्या संत्रा-बागाइतदारास समजावणे अवघड नाही. ऊतींचा खंड कधी देठासहित, म्हणजे मूळ रक्तवाहिन्या न तोडता, वळवून आणतात. महाराष्ट्रास हे तंत्र जुनेच. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेतून घडविले गेले, त्याचा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला. तेथेही त्वचेचा देठ राखलेला होता. पाठीचा रुंद स्नायू त्वचेसह छातीवर आणण्याची रीत इटलीच्या तान्सिनी यांनी १९०६ साली वर्णिली. पोटाच्या खालच्या भागातील त्वचा व चरबी स्नायूसह वर आणण्याची रीत अमेरिकेत हार्टरॅम्फ यांनी १९८२ साली मांडली.

कधी खंड मुळापासून तोडून नेतात. हे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरण्यासारखे. मात्र डोळा आपोआप जुळतो, येथे दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवाव्या लागतात. पोटाचा स्नायू जागीच ठेवून केवळ त्वचा व चरबी नेण्याची आजची रीत याच वर्गातली. तिच्यात पोटाची भिंत कमी दुबळी होते. निष्णात हाती असे शेकडा ९५ हून अधिक खंड जगतात. न जगल्यास मात्र तो संपूर्ण काढावा लागतो. तंबाखूतील निकोटिन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून विदर्भात सर्वत्र खाल्ला जाणारा खर्रा येथे थेट शस्त्रक्रियेच्या यशाशी निगडित आहे. पाठीचा स्नायू घेतल्यास हात वर करून खाली ओढण्याचे बळ काहीसे घटते; संत्री तोडणाऱ्या मजूर स्त्रीस ही गोष्ट आधी सांगितली गेली पाहिजे.

सिलिकोनचे रोपण १९६२ साली ह्यूस्टन येथे प्रथम झाले. शस्त्रक्रिया लहान व शरीरावर दुसरी जखम नाही, हे त्याचे गुण. परंतु रोपण जन्मभराचे नसते. कालांतराने बदलण्याचा अथवा काढण्याचा प्रसंग बहुतेकींवर येतो. काही खरखरीत पृष्ठाच्या रोपणांभोवती लसिका-ऊतींचा एक विरळ कर्करोग आढळल्यावर २०१९ साली एका कंपनीची तशी रोपणे जगभर बाजारातून परत घेण्यात आली. पुष्कळदा आधी त्वचा ताणणारी पिशवी बसवून तीत आठवड्या-आठवड्याने मिठाचे पाणी भरतात. नरखेडच्या रुग्णेस त्याचा अर्थ असा की, काटोलमार्गे नागपूरची प्रत्येक खेप म्हणजे तिची आणि सोबत येणाऱ्याची एकेक दिवसाची मजुरी. हा हिशेब शल्यशास्त्राच्या ग्रंथात नसतो.

किरणोपचार व्हावयाचे असल्यास निवड आणखी बदलते. किरणांमुळे रोपणाभोवतीचे आवरण आवळून आकार विकृत व वेदनादायक होण्याचा संभव वाढतो. स्वतःच्या ऊती किरणांनंतरच्या छातीवर अधिक विश्वासार्ह ठरतात. पुनर्रचनेने कर्करोग उलटण्याची शक्यता वाढते, असा समज आहे, तो निराधार आहे. ती लगेच करावी की उपचारांनंतर, हे रोगाची अवस्था ठरविते. मात्र विचारणा स्तन काढण्यापूर्वीच झालेली बरी, कारण नंतर त्वचा राखता येत नाही.

आणखी एक पर्याय आहे, त्यास मराठीत नावच नाही : काही न घडविता छाती नीट सपाट शिवून घेणे आणि हवा असल्यास कपड्यात कृत्रिम स्तन वापरणे. नाव नसल्यामुळे तो पर्याय म्हणून क्वचितच सांगितला जातो. 'सपाट शिवण' हा साधा शब्द त्यासाठी पुरेसा ठरावा. शिलाईयंत्र बहुतेक गावांत असल्याने तो समजावूनही सांगावा लागणार नाही.