कण्याचे सोयरे (भाग 9) : जवळचं कोण?

आज जबडा नसलेल्या माशांकडे, म्हणजे लॅम्प्रीकडे वळायचं ठरलं होतं. तिला एक आठवडा थांबवतो, कारण मागच्या भागातलं एक वाक्य बऱ्याच जणांना खटकलं आहे. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक वाचक लिहितात, ‘ॲम्फिऑक्सस हा पृष्ठवंशीयांचा सर्वांत जवळचा नातलग, असं मी तीस वर्षं शिकवलं. तो मान तुम्ही हर्डमानियाला कसा देता? तिला ना डोकं, ना शेपूट!’

प्रश्न रास्त आहे आणि माझ्या आवडीचाही, म्हणून आजचा सगळा भाग त्यालाच.

बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्यांना हर्डमानिया आठवेल. फॉर्मॅलिनच्या बरणीतला बटाट्यासारखा गोळा, वर दोन तोंडं, आणि प्रॅक्टिकलला हमखास येणारी स्पिक्यूल्सची स्लाइड. तिच्या कुळातला प्राणी मी जिवंत पाहिला तो रत्नागिरीला, ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकाच्या पोटाशी. बोट लावलं आणि पाण्याची चिळकांडी उडाली. तेव्हापासून मी या कुळाला पिचकारीच म्हणतो. एका तोंडानं पाणी आत घ्यायचं, घशातल्या फटींतून गाळून अन्न ठेवून घ्यायचं, उरलेलं दुसऱ्या तोंडानं बाहेर टाकायचं, एवढाच तिचा जन्मभराचा उद्योग. अंगावरच्या कंचुकात चक्क सेल्युलोज असतं, कापसात असतं तेच. प्राण्यांमध्ये सेल्युलोज तयार करणारं हे एकच घराणं!

ॲम्फिऑक्सस याच्या अगदी उलट. पाचेक सेंटिमीटरची, दोन्हीकडे निमुळती, अर्धपारदर्शक मासोळीच जणू. पृष्ठरज्जू, म्हणजे कण्याच्या जागी असणारा लवचीक दांडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही बाजूंना स्नायूंचे ओळीनं पट्टे. 1774 साली पालास यांनी तिची नोंद बिनशंखाची गोगलगाय म्हणून केली होती, पण नीट पाहणाऱ्याला तिच्यात मासा दिसल्याशिवाय राहत नाही.

पिचकारीला मात्र कितीही न्याहाळा, मासा दिसत नाही. तिची ओळख पटली ती तिच्या पिल्लांमुळे. अलेक्सांद्र कोवालेव्स्की या तरुण रशियन शास्त्रज्ञानं 1866 साली दाखवून दिलं की तिच्या अंड्यातून बेडकाच्या पिल्लासारखी, शेपटीची अळी निघते. शेपटीत पृष्ठरज्जू, त्याच्या वर पोकळ मज्जारज्जू. ही अळी थोडा वेळ पोहते, डोक्याच्या बाजूनं खडकाला चिकटते आणि मग शेपूट, पृष्ठरज्जू, बरीचशी मज्जासंस्था, सगळं जिरवून टाकते. आपण बरणीत पाहतो तो त्यानंतरचा अवतार. डार्विननं 1871 च्या पुस्तकात या शोधाचं मोल सांगितलं आणि तळटीपेत हेही नोंदवलं की अशा पोहणाऱ्या अळ्या आपण 1833 च्या एप्रिलमध्येच फॉकलंड बेटांवर पाहिल्या होत्या. पाहिल्या त्यानं, अर्थ लावला कोवालेव्स्कीनं. ती तळटीप मी कितीदा वाचली असेल!

म्हणजे दोघंही आपल्याच गोत्रातले. त्यातलं जवळचं कोण? शंभराहून अधिक वर्षं रूपावरून उत्तर दिलं गेलं: ॲम्फिऑक्सस. 2006 साली फ्रेदरिक देल्स्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 146 जनुकं ताडून पाहिली आणि कौल फिरला. पिचकारी आणि आपण यांचा समाईक पूर्वज अलीकडचा, ॲम्फिऑक्ससची शाखा त्याच्याही आधी फुटलेली.

गावाकडचे एखादे लांबचे भाऊबंद हुबेहूब आपल्या आजोबांसारखे दिसतात, तेच नाक, तीच चाल. आणि सख्खा चुलतभाऊ परदेशात जाऊन ओळखू न येण्याइतका बदलतो. वंशावळ मांडताना चुलतभावाचंच नाव आपल्या शेजारी येतं, कारण तिथे चेहरा मोजत नाहीत, पिढ्या मोजतात. वर्गीकरणातही तसंच. पिचकारीचा साधेपणा मूळचा नाही. अंगाचे खंड, जनुकांची जुनी मांडणी, असं पुष्कळ काही तिनं वाटेत टाकून दिलं. तिची जनुकं फार वेगानं बदलली, म्हणूनच तिचं नातं शोधायला इतकी वर्षं लागली.

जवळिकीची खूण शरीरातही सापडते. आपल्या गर्भात मज्जारज्जूच्या कडेवरून काही पेशी निघतात आणि अंगभर पसरून त्वचेचा रंग, चेहऱ्याची हाडं घडवतात. त्यांच्याशी नातं सांगणाऱ्या पेशी 2012 साली सिओना या पिचकारीच्या अळीत दाखवल्या गेल्या. ॲम्फिऑक्ससमध्ये अशा पेशी सापडलेल्या नाहीत.

बाई पुढे विचारतात, ‘मग ॲम्फिऑक्सस शिकवायचाच नाही का?’ बाई, जरूर शिकवावा, पूर्वीपेक्षा जास्त मन लावून. आपला मूळ पूर्वज कसा होता हे विचारायचं तर त्यालाच विचारावं लागतं, कारण जुनं घर त्यानं राखलं आहे. 2008 साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्या पूर्वजाच्या जनुकांचे 17 गट अजून ओळखू येतील असे निघाले.

आणखी एक वस्तू दोघांनीही जपली आहे. घशाच्या तळाशी एक चिकट पन्हळ असते, अन्न धरून ठेवणारी, आयोडीन शोषणारी. लॅम्प्रीच्या अळीतही ती असते, आणि अळी मोठी होताना त्याच पन्हळीची थायरॉइड ग्रंथी होते. पुढच्या रविवारी तिथूनच सुरुवात करू.