भुकेची राखण

पहाटे साडेपाच

चूल पेटवायच्या आधी मुलाचं दप्तर झटकते. तळातून घडी घातलेलं खाऊचं चकचकीत पाकीट निघतं, कोपऱ्यात लाल तिखट भुकटी चिकटलेली. मुलगा पाचवीत आहे आणि आई अंगणवाडी सेविका. लोकांना काय सांगायचं ते सांगून झालं की घरी हे असं. पाकीट चुलीतही टाकता येत नाही, वास सुटतो. घडी घालून ठेवून देते, बोलत नाही. बोलून झालंय. चहाचं मात्र मी चालू दिलं नाही. दूध असलं तर दूध, नाहीतर नाचणीची आंबील, तीही नको असली तर रात्रीची भाकरी कुस्करून फोडणीला.

आमचं गाव अकोले तालुक्यात पश्चिमेला, राजूरच्या पुढे. भादवा लागलाय, भात पोटरीत आलंय, पाऊस मध्येच येऊन मध्येच थांबतोय.

आठ

मदतनीस मावशी आणि मी वाडीवरून मुलं गोळा करत निघतो. पटावर सव्वीस आहेत, पण बोलवायला गेल्याशिवाय पंधराच येतात. वाटेत दुकान लागतं. दाराला पाकिटांच्या माळा लोंबतात, त्याही मुलांचा हात पोचेल इतक्या खाली. तोरणासारखं दिसतं ते. रोज या तोरणाखालून मुलांना काढायचं, हे माझं पहिलं काम. सरकारी कागदावर ते कुठेच लिहिलेलं नाही.

घराघरांत सकाळी काय चाललेलं असतं तेही दिसतं. उंबऱ्यात बसलेलं पोर, हातात कपबशी, चहात बिस्कीट बुडवतंय. एक पडतं, तळाशी बसतं, ते बोटानं काढून खायचं, तीच मजा. आयांना वाटतं पोटाला आधार झाला. आधार होतो हे खरं, आणि तिथेच घोटाळा होतो. चहा-बिस्किटानं भूक मरते आणि पोषण मिळत नाही. वर चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. रक्त कमी आहे म्हणून आरोग्य सेविका लोहाचं औषध देऊन जाते आणि घरी त्याच मुलाला दोन वेळा चहा चालू असतो.

साडेनऊ

हात धुणं. साबण, पाणी, बोटांच्या बेचक्या, नखं. नखं मी स्वतः बघते. 10 फेब्रुवारीला आणि 10 ऑगस्टला जंताची गोळी दिली जाते, पण नखांत माती राहिली की जंत पुन्हा पोटात जातात. मग मुलानं खाल्लेलं कोण खातं ते कळायला मार्ग नाही.

दहा

नाश्त्याला आज नाचणीची धिरडी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मुलांना याचं काही नाही. त्यांचा प्रश्न एकच, धिरडं काळं का? शहरातल्या बहिणीकडे मी नाचणीची बिस्किटं बघितली, सुंदर डब्यात, आणि किंमत वाचून डबा खाली ठेवला. आमच्याकडे नाचणी रानात उभी आहे आणि मुलांना पांढरा पाव हवा. गरिबाचं धान्य म्हणून आपणच तिला कोपऱ्यात बसवलं, मग मुलांना ती आवडावी कशी? जुन्या बियाण्याचा मान राखणाऱ्या राहीबाई पोपेरे आमच्याच तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या. देशी वाणांचं बी जपलं म्हणून 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर वाडीतल्या काही बायका घेवड्याचे जुने वाण परसात लावायला लागल्या. वालाची उसळ केली की मी मुलांना सांगते, पद्मश्रीवाली भाजी आहे. दोन घास जास्त जातात.

धिरड्यात शेवग्याचा पाला घातलाय. एक मुलगा हिरवं दिसलं की बाजूला सारतो. गेल्या सहा वेळा त्यानं सारलं. मी काही म्हणत नाही, पुढच्या वेळी पुन्हा एवढासा तुकडा वाढते. नवी चव पदरात पडायला मुलांना आठ-दहा खेपा लागतात, आणि आपण दुसऱ्या खेपेलाच जाहीर करून टाकतो की हा भाजी खात नाही. त्याच्या समोर, पाहुण्यांच्या समोर. मग तो तरी तो शब्द कसा मोडणार? आज त्यानं पान काढलं, वास घेतला, जिभेला लावलं आणि शेजारच्याच्या ताटात ठेवलं. सातवी खेप.

साडेअकरा

महिन्याचं वजन-उंचीचं काम. काट्यावर उभं राहायला सगळ्यांना आवडतं, उंचीच्या फळीला टाच टेकवायला कुणालाच नाही. मग दंडघेराची पट्टी. डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबाराच्या वर हिरवा, मधला पिवळा.

साडेतीन वर्षांची एक पोरगी आहे, चुणचुणीत, गाणी सगळी पाठ. तिची पट्टी 12.2 वर थांबली. वजन 11 किलो 400. गेल्या महिन्यात तेवढंच, त्याच्या आदल्या महिन्यातही तेवढंच. वजन घटलं की घर घाबरतं. वजन थांबलं तर कुणी दचकत नाही, कारण पोर तर खेळतंय. हीच पोरगी रोज सकाळी हाताला लाल तिखट लावून येते.

साडेबारा

जेवण. यासाठीच तर दुकानापासून इथपर्यंत सगळी राखण. शेतात पाखरं हाकलत बसावं लागतं, तसं जेवणापर्यंत मुलांच्या भुकेपासून किरकोळ खाणं हाकलत बसावं लागतं. भूक शाबूत असली तर साधी खिचडीही उडते, आणि ती आधीच कुणी टिपून नेली असली तर पक्वान्नही ताटात गार होतं.

आज खिचडी आणि अंडं. आदिवासी भागातल्या मुलांना 2016 पासून अमृत आहार योजनेत आठवड्यातून चार दिवस अंडं मिळतं, जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळी. उकडलेल्या अंड्याचं पांढरं सगळे खातात आणि पिवळं भिंतीशी लपवतात. मुंग्यांची रांग लागली की मला पत्ता लागतो. म्हणून मावशी पिवळं खिचडीतच कुस्करतात, वर लिंबू पिळतात. लिंबाचं काम चवीपुरतं नाही, डाळीतलं आणि पाल्यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते.

वाढण्याची आमची एक रीत आहे. पहिलं वाढप अर्धंच. भरलेलं ताट बघून लहान मूल दबतं, त्याचं पोट मुठीएवढं. अर्धं संपलं की ते स्वतः म्हणतं, बाई, अजून. मागून घेतलेला घास अंगी लागतो असं माझी सासू म्हणायची. शास्त्र काय म्हणतं ते असो, पण मागणारं मूल ताट टाकत नाही हे मी पंधरा वर्षं बघतेय. ‘संपव’ हा शब्द मी वापरत नाही. आणि भाजी खाल्लीस तर गोळी देईन, हे तर मुळीच नाही. अशानं भाजी शिक्षा होते आणि गोळी बक्षीस.

सगळे गोलात बसतात. मोबाईल नाही. घरी निम्म्या मुलांना मोबाईल लावून भरवतात. नजर तिकडे, तोंड इकडे, पोट भरलं की नाही ते त्यालाच कळत नाही. इथे शेजारचा खातो म्हणून हाही खातो. सातव्या खेपेवाला खिचडीतला पाला गपगुमान खाऊन गेला, त्यात त्याला तो दिसलाच नाही. ही खेप मी मोजत नाही.

पिवळ्या पट्टीवाल्या पोरीनं चार घास खाल्ले आणि बोटानं ताटात रेघोट्या काढत बसली.

दीड

मोबाईलवर पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी. रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर येते. छत्री धरून उभी राहते, एवढंच सांगण्यासारखं.

तीन

त्या पोरीच्या घरी. आई-बाप खुरपणीला गेलेत. घरी आजी, पोरगी आणि आठ महिन्यांचा धाकटा. आजीनं घोंगडी टाकली, चहा ठेवला. मी नको म्हटलं नाही, म्हटलं तर बोलणं तिथेच संपतं.

पट्टीचं सांगितलं. आजी ऐकून म्हणाल्या, “बाई, म्या दिसभर दोन पोरं सांभाळिते. ही रडाया लागली की पाच रुपये देते. गप ऱ्हाती. माझ्या पोरांना द्यायला माझ्याकडं पाच पैसे नव्हते.”

यावर काय बोलायचं? त्या पाच रुपयांत माया आहे. आमच्या माहितीपत्रकात पाकिटावर काट मारलेली असते, आजीच्या मायेवर कशी मारणार? मी विचारलं, तुमच्या पोरांना मग काय द्यायच्या? त्या हसल्या. म्हणाल्या, काय द्यायचं, भाजलेलं कणीस, उकडलेल्या शेंगा, नाचणीच्या भाकरीवर गूळ, रानातली काकडी. खाऊच तो, पण घरातला. मी म्हटलं, रडायच्या आधीच द्या. रडल्यावर दिलं की रडण्याचं मोल ठरतं.

धाकट्याचं उष्टावण सहाव्या महिन्यात झालं, पण त्यानंतर त्याला वरणाचं पाणीच चाललंय. पाण्यात डाळ किती उतरणार? मोड आणून, वाळवून, भाजून दळलेल्या नाचणीचं त्यांना सांगितलं. साधं पीठ शिजवलं की घट्ट गोळा होतो, बाळाला गिळेना म्हणून आपण पाणी ओततो आणि वाटीत पाणीच उरतं. मोडाच्या पिठाची पेज दाट केली तरी सैल राहते, म्हणजे तेवढ्याच वाटीत जास्त नाचणी बसते. वर चमचाभर तेल किंवा तूप. आजी म्हणाल्या, “ह्ये तर आमची आय करायची. तुमाला कुनी शिकिवलं?” मी म्हटलं, सरकारनं. दोघी हसलो.

निघताना पोरगी पायरीवर बसून अर्धी काकडी खात होती. दुसऱ्या हातात पाकीट होतंच.

सहा

परत येताना दुकानाशी थांबले. दुकानदार माझ्या माहेरच्या गावचा, मला ताई म्हणतो. माळा जरा वर टांगता येतील का, असं मागच्या महिन्यात विचारलं होतं. त्यानं एक वर टांगली, दोन खालीच. आज म्हटलं, फुटाणे, शेंगदाणे, गुळाची चिक्की ठेव ना, पाच रुपयांच्या पुड्या बांध. फक्त अगदी लहानांना अख्खे दाणे देऊ नकोस, घशात अडकतात.

तो म्हणाला, “ठेवले होते ताई. पोरं हातात घेऊन बघतात आणि मलाच विचारतात, यात खेळणं निघतं का?”

मी म्हटलं, नाही निघत. एक चिक्की घेतली, पाच रुपये दिले आणि घराकडे वळले.