डार्विनच्या वाफ्यातलं स्नॅपड्रॅगन

स्नॅपड्रॅगनचं बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये सहा हजारांहून अधिक भरतं. शिवाय त्याला उगवायला उजेड लागतो. त्यामुळे पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, हे बी वाळूत मिसळून ओल्या कोकोपीटवर नुसतं भुरभुरावं, वर माती लोटू नये. झारीच्या पाण्यानं ते वाहून जातं. ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल द्यावी. हवा वीस अंशांच्या आसपास असेल तर दहा-पंधरा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात.

पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. जिवावर येतं, पण शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन बगलेतल्या कळ्यांना दाबून ठेवत असतं; शेंडा गेला की फुटवे सुटतात आणि एका तुऱ्याऐवजी चार-पाच मिळतात. पुढे ऊन भरपूर, पाणी बुंध्याशी आणि रोपांत अंतर. पानं ओली राहिली की खालच्या बाजूनं तांबेऱ्याचे तपकिरी फोड उठतात. मार्चच्या उन्हात झाड थकतं, ते साहजिकच आहे. मूळचं ते भूमध्य समुद्राकाठचं.

आता एक फूल हातात घ्या. दोन्ही गाल हलकेच दाबले की जबडा उघडतो, सोडला की मिटतो. वरचा ओठ दोन पाकळ्यांचा, खालचा तीन. मध खाली नळीच्या तळाशी. वजनदार भुंगा खालच्या ओठावर बसला तरच दार उघडतं आणि परागकण त्याच्या पाठीला लागतात.

क्वचित एखाद्या झाडाला हा जबडाच नसतो. पाचही पाकळ्या सारख्या, फूल सरळ नळीसारखं. चार्ल्स डार्विननं अशा झाडाचा साध्या स्नॅपड्रॅगनशी संकर केला. पहिल्या पिढीत सगळी फुलं जबड्याची निघाली. त्यांच्या बियांपासून झालेल्या 127 रोपांत मात्र 88 जबड्याची, 37 नळीची आणि 2 अधलीमधली होती. हे आकडे त्यानं 1868 साली छापले. ढोबळमानानं तीनास एक! मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध दोनच वर्षं आधी, 1866 मध्ये, प्रसिद्ध झाला होता. हे गुणोत्तर डार्विनसमोर मांडलेलं होतं, पण त्यामागचा नियम त्याला दिसला नाही. विज्ञानाच्या इतिहासातली ही चुटपुट मला फार मोठी वाटते.

नळीच्या फुलाचं कारण कळायला 1996 साल उजाडलं. इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या जॉन इनेस केंद्रात एन्रिको कोएन यांच्या गटानं सायक्लॉइडिया हे जनुक वेगळं केलं. ते कळीच्या वरच्या भागातच जागं असतं आणि तिथल्या पाकळ्यांना वरच्या ओठाचं रूप देतं. हे जनुक आणि त्याचं भावंड डायकॉटोमा, दोन्ही निकामी झाली की पाचही पाकळ्या खालच्या मधल्या पाकळीसारख्या होतात.

संकर घरच्या कुंडीतही करता येतो. उमलायच्या आधल्या कळीतले चारही पुंकेसर चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या रंगाच्या फुलाचे पराग कुक्षीला लावायचे, कळीवर पातळ कापडाची पिशवी बांधायची आणि दोऱ्यावर तारीख लिहायची. आईबाप मात्र शुद्ध जातीचे हवेत. एफ-1 संकरित बियाणं वापरलं तर पहिल्याच पिढीत रंगांची सरमिसळ होते आणि मोजणीतून काही हाती लागत नाही.