औषधी तेल आणि वाहनचालक



अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आपली उपनगरे चाकांवर चालतात. सकाळी स्टेशनवर सोडणारी रिक्षा, लिंक रोडवरची बस, रात्री लाल बहादूर शास्त्री मार्गाने जाणारा मालट्रक, या सर्वांच्या मागे एक माणूस बसलेला असतो. दहा-बारा तास एकाच बैठकीत काम केल्यावर त्या माणसाची पाठ दुखते, मान आखडते आणि घरी गेल्यावर झोप येत नाही. हा आळशी माणसाचा विकार नव्हे, तो धंद्याचा रोग आहे. कामगार संघटनेचे काम करताना हे दुखणे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. या दुखण्यावर अलीकडे एक नवे औषध सुचवले जाते. त्याचे नाव सीबीडी तेल. दुखणे कमी होते, झोप लागते आणि नशा येत नाही, असे त्याचे गुण सांगितले जातात.

स्टँडवर या तेलासंबंधी एकच प्रश्न विचारला जातो : 'हे घेऊन गाडी चालवली तर पोलीस धरतील काय?' माझ्या मते हा प्रश्न अर्धा आहे. बाटली कायदेशीर आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ती घेतलेला माणूस या घटकेला गाडी चालवण्यास लायक आहे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'होय' आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप 'होय' होत नाही. आजचे माझे सांगणे एवढेच आहे. पुढे त्याचा उलगडा करतो.

प्रथम हे तेल म्हणजे काय ते पाहू. भांगेचे झाड आपल्या देशाला नवे नाही. इंग्रज सरकारने १८९३-९४ साली त्यावर एक स्वतंत्र आयोग नेमला होता, आणि भांग, गांजा व चरस असे तीन प्रकार त्याने वेगळे करून तपासले होते. पाने ती भांग, फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा, आणि झाडाचा चीक म्हणजे राळ तो चरस. या झाडात शंभराहून अधिक विशिष्ट द्रव्ये आहेत. त्यांपैकी दोन महत्त्वाची. टीएचसी हे डोक्यात चढणारे द्रव्य. सीबीडी हे तशी नशा न आणणारे. तिसरी गोष्ट म्हणजे बियांचे तेल. कुमाऊंकडे या बियांची चटणी करतात, आणि २०२१ साली भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बी, बियांचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. परंतु बियांचे तेल म्हणजे सीबीडी तेल नव्हे. नावे सारखी दिसतात म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता बाटलीचा कायदा. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणे यांवर कडक बंधन घातले. शेंड्यांविना असलेली पाने व बिया मात्र गांजाच्या व्याख्येबाहेर राहिल्या. त्यामुळे पानांपासून केलेली आयुर्वेदीय औषधे देशात परवान्याने तयार होतात. वैद्यकात या वनस्पतीचे नाव विजया. १९४० च्या औषध कायद्याखालील नियमांत विजया विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. पण पाने म्हटली म्हणजे सारे मोकळे असेही कोणी समजू नये. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि त्यात भांगेची पानेही मादक पदार्थांत धरलेली आहेत. याचा व्यवहारी अर्थ असा : परवानाधारक कारखान्याचे औषध, वैद्याची किंवा डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानाची पावती या तिन्ही गोष्टी जवळ असाव्यात. कोणा मित्राने दिलेली, परदेशातून आलेली किंवा लेबल नसलेली बाटली गाडीच्या डिकीत ठेवणे म्हणजे संकट विकत घेणे होय.

यानंतर रस्त्याचा कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम सर्वांना दारूमुळे ठाऊक आहे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर गुन्हा होतो. पण त्याच कलमाचा दुसरा भाग औषधी व अंमली द्रव्यांविषयी आहे, आणि तेथे असा आकडा नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवता येऊ नये इतका द्रव्याचा अंमल असेल तर गुन्हा, असे तो भाग सांगतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीची सवलत त्यात दिलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पुढचे १८६ वे कलम तर द्रव्याचे नावही घेत नाही. आपण शरीराने वा मनाने गाडी चालवण्यास अपात्र आहोत हे ठाऊक असून जो चालवतो, तो दोषी. शिवाय गाडीच्या विम्यात, चालक दारूच्या किंवा अंमली द्रव्याच्या अंमलाखाली असता झालेले स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही, अशी अट असते. ज्याच्या रिक्षावर कर्जाचे हप्ते चालू आहेत, त्याने ही अट विसरू नये.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांनाही एक गोष्ट सांगून ठेवावी. ब्रिटनमध्ये मार्च २०१५ पासून टीएचसीला आकडा घालून दिलेला आहे : एक लिटर रक्तात दोन मायक्रोग्रॅम. तेथे गाडी नीट चालवत होतो ही सबब चालत नाही. आकडा ओलांडला की गुन्हा. तेलात टीएचसीचा अंश असेल तर तो आकडा जवळ येऊ शकतो.

शास्त्र काय म्हणते तेही पाहू. नेदरलँड्समध्ये २६ जणांना हमरस्त्यावर प्रत्यक्ष मोटार चालवायला देऊन एक प्रयोग झाला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. केवळ सीबीडी हुंगलेल्यांची गाडी निरुपयोगी औषध दिलेल्यांइतकीच सरळ चालली. टीएचसी घेतलेल्यांची गाडी पहिल्या सुमारे पावणेदोन तासांत पट्ट्यात डावी-उजवीकडे अधिक डुलली. आणि सीबीडी मिसळल्याने हे डुलणे थांबले नाही. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण त्याची मर्यादा ध्यानात घ्यावी. तेथे मात्रा लहान होती आणि ती हुंगून घेतलेली होती. पोटात घेतलेले तेल उशिरा चढते आणि अधिक वेळ टिकते. म्हणून तेथले तास मोजून येथे गाडी काढू नये.

दुसरा प्रश्न बाटलीत खरोखर काय आहे हा. अमेरिकेत घरबसल्या मागवलेल्या ८४ सीबीडी मालांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. लेबलाशी जुळणारे प्रमाण फक्त २६ मालांत सापडले, आणि १८ मालांत टीएचसी निघाले. 'नशा नाही' असे लिहिलेल्या बाटलीतून नशेचे द्रव्य पोटात गेले, तर त्याचा जाब रस्त्यावर चालकालाच द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट गुंगीची. अमेरिकेत २०१८ साली लहान मुलांच्या दोन कठीण अपस्मारांसाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता मिळाली. ते शुद्ध असूनही त्याच्या माहितीपत्रात गुंगीचा इशारा आहे, आणि क्लोबाझाम या दुसऱ्या औषधाबरोबर घेतल्यास गुंगी वाढते असेही त्यात म्हटले आहे. नशा न येणे आणि झोप न येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डुलकी लागलेल्या माणसाच्या हातून झालेला अपघात नशेतल्या अपघातापेक्षा सौम्य नसतो. पाठदुखीवर हे तेल रामबाण आहे, असेही अद्याप सिद्ध झालेले नाही.

आणि हे एकट्या सीबीडीपुरते नाही. सर्दीची साधी गोळी, खोकल्याचे औषध, अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी यांनीही हात जड होतात. तेव्हा चालकाने चार नियम पाळावेत. डॉक्टरांना पहिल्यांदा आपला धंदा सांगावा आणि चालू असलेल्या सर्व औषधांची नावे सांगावीत. नवे औषध किंवा वाढवलेली मात्रा सुट्टीच्या दिवशी, घरी असताना सुरू करावी. डोळे जड वाटले, नजर ठरेना, उत्तर द्यायला उशीर लागू लागला, तर गाडी बाजूला लावावी. आणि अशा औषधाबरोबर दारूचा थेंबही घेऊ नये.

पण हे नियम सांगून माझे काम संपत नाही. ज्याचे रोजचे पोट रोजच्या फेऱ्यांवर आहे, त्याला 'आज मी चालवू शकत नाही' हे शब्द परवडत नाहीत. मालकाला औषध सांगितले तर काम जाते. लपवले तर प्रवाशाचा जीव धोक्यात येतो. या कात्रीत चालकाला एकटे सोडून त्याच्याकडून सुरक्षिततेची अपेक्षा धरणे न्यायाचे नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. त्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. २०२० च्या कामगार संहितेत तो विलीन करण्यात आला. त्या कायद्यामागचा विचार मात्र जुना होत नाही : थकलेला माणूस हा रस्त्यावरचा धोका आहे, आणि विश्रांती ही मेहरबानी नसून सुरक्षिततेचे साधन आहे. पुरती विश्रांती मिळाली तर अनेकांना तेलाची बाटली शोधावीच लागणार नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. औषध चालू असल्याचे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या चालकाचे त्या दिवसाचे वेतन बुडू नये आणि त्याचे नाव काळ्या यादीत जाऊ नये. आपण प्रवासी आहात. आपल्या सोसायटीची गाडी, शाळेची बस, कचेरीची मोटार चालवणारा माणूस असे बोलला, तर त्याच्यावर रागावू नका. त्याने आपल्याच मुलांचा जीव राखला आहे असे समजा. चालकबंधूंना शेवटी एवढेच सांगतो : चिठ्ठी खिशात असली तरी हँडलवर हात ठेवण्यापूर्वी आपल्याच शरीराला विचारा, आणि उत्तर 'नाही' आले तर ते मोठ्याने सांगा. संघटना त्यासाठीच आहे.