परक्या भिंतींवरची आपली माणसं

भाचीने गोव्याहून फ्रिजवर चिकटवायचं एक चुंबक आणलं. ठिपक्यांचा झगा, उंच टाचा, टपोरे डोळे. ‘मावशी, एकदम गोवा आहे ना?’ चित्र कोणाचं, ते तिला ठाऊक नव्हतं. विकणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं. ते होतं व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं, आणि त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात हे व्हावं, याचं फार वाईट वाटलं.

२ मे १९२६ला दमणमध्ये जन्म, बालपण गोव्यातल्या लोटलीत. भिंतींवर रेघोट्या ओढतो म्हणून आईने वही हातात दिली, ही गोष्ट सगळ्यांनी सांगून झाली आहे. मुंबईत झेवियर्सला इतिहासाची पदवी, १९५९मध्ये गुल्बेंकियन शिष्यवृत्तीवर लिस्बन, पुढे काही वर्षं लंडन. मग ते मुंबईला परतले आणि आमच्या पिढीच्या वाट्याला आले.

माझ्या आठवणीतले मारिओ १९७५ ते १९८५ या दहा वर्षांतले. आम्ही दादरच्या चाळीत राहायचो. वडील फोर्टमधल्या कचेरीत कारकून. साहेबांच्या टेबलावरचे ‘इलस्ट्रेटेड वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकाचे जुने अंक ते घरी आणत. इंग्रजी आम्हाला जेमतेम कळायचं, चित्रं मात्र पूर्ण कळायची. मारिओंनी चितारलेल्या कचेरीत ढेरपोट्या बॉस होता, मिस फोन्सेका होती आणि गोडबोले नावाचा कारकून होता. वडील चष्मा कपाळावर सरकवून गोडबोलेकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, ‘ह्या माणसाने आमच्या टेबलाशी उभं राहून पाहिलंय.’ कारकुनाकडे इतकं नीट कोणी पाहतं, याचंच त्यांना अप्रूप होतं.

बालभारतीच्या इंग्रजीच्या पुस्तकांतही मारिओंची चित्रं होती. धडा वाचायचा सोडून मी चित्रात कुत्रा कुठे आहे, कावळा कुठे बसलाय, हे शोधत राहायची. बाई रागवायच्या, ‘चित्रं बघू नका, धडा वाचा.’ त्या धड्यांतलं आज एक वाक्य आठवत नाही. चित्रांतली गर्दी आठवते, कारण तिच्यात एकही माणूस नुसता जागा भरायला काढलेला नसायचा. प्रत्येकाला स्वतःचं नाक होतं, स्वतःची घाई होती.

त्याच माणसाची चित्रं अमेरिका, जपान, ब्राझील, फ्रान्स, पोर्तुगाल अशा वीसहून अधिक देशांत प्रदर्शनांत लागली. १९७४मध्ये ते अमेरिकेला गेले, तेव्हा ‘पीनट्स’ या चित्रमालिकेचे चार्ल्स शुल्झ त्यांना भेटले. इथे मुंबईत मी एका कलादालनात विचारलं होतं, ‘मारिओंची चित्रं कधी लावणार?’ उत्तर मिळालं, ‘व्यंगचित्रं आम्ही लावत नाही.’ चाळीस वर्षं झाली, ते वाक्य मी विसरलेले नाही. परदेशात जी चित्रं चौकटीत बसत होती, ती आपल्याकडे आठवडा उलटला की रद्दीत जात होती. आमच्याही घरातून गेली. तो दोष मी माझ्याकडेही घेते.

पुढची वर्षं मी भरभर उलटते. १९९३मध्ये ‘वीकली’ बंद पडलं. पद्मश्री, पद्मभूषण मिळाले. ११ डिसेंबर २०११ला लोटलीच्या घरी ते गेले आणि पद्मविभूषण त्यानंतर, २०१२मध्ये आलं. सन्मान झाला, पण चित्र बघायची सवय लागली नाही. आता टी-शर्ट, कॉफीचे मग, चुंबक सगळीकडे आहेत. गर्दीतून एकच बाई कापून काढायची आणि तिला गोवा म्हणायचं. तिच्या शेजारचा पाववाला, खिडकीतून डोकावणारी म्हातारी, पायरीवर झोपलेला कुत्रा, सगळे गळून पडतात. मारिओ त्या शेजाऱ्यांमध्ये होते.

कुलाब्याच्या कॅफे मोंडेगरच्या भिंतींवर ती गर्दी आजही आहे. गोव्यात पर्वरीला त्यांचं कलादालन आहे. पोरांना घेऊन जा आणि एकेका चेहऱ्यापाशी थांबा. माळ्यावर शाळेचं जुनं इंग्रजीचं पुस्तक असेल, तर ते रद्दीवाल्याला देऊ नका. चित्राच्या कोपऱ्यात सही सापडली, तर ती बोट ठेवून मुलांना दाखवा आणि नाव मोठ्याने सांगा: मारिओ मिरांडा, लोटलीचे.